न्यूट नर की मादी, कसे ओळखावे?

न्यूट म्हणजे सॅलमँडरच्या गटातला, शेपटीवाला छोटा उभयचर; हौशी लोक तो पाण्याच्या टाकीत पाळतात. इथे उदाहरण जपानी लाल पोटाच्या न्यूटचे घेतले आहे. दोन-तीन वर्षांखालच्या पिल्लांमध्ये बाहेरून काहीच कळत नाही, त्यांच्या बाबतीत थांबणेच बरे. मोठ्यांची पाहणी विणीच्या हंगामात, म्हणजे हिवाळा सरताना किंवा वसंतात करा. एरवी नराच्या खुणा ओसरतात आणि तो मादीसारखा दिसू लागतो.

आधी हात साबण न लावता धुवा आणि ओलेच ठेवा. पारदर्शक डब्यात टाकीतलेच पाणी पाचेक सेंटीमीटर भरा, न्यूट अलगद आत सोडा आणि डबा उचलून खालून पाहा. न्यूट हातात धरून उलटा करू नका: तो वळवळतो, आणि कातडी नाजूक असते.

मागच्या पायांच्या लगेच मागे, शेपटीच्या मुळाशी अवस्कराचे छिद्र, म्हणजे मलमूत्र आणि अंडी बाहेर पडण्याचे एकच द्वार असते. खरा निकाल तिथेच लागतो. नराचा हा भाग भिजवलेल्या हरभरा डाळीसारखा गोल फुगतो, मधे उभी चीर दिसते. मादीचा लहान, चपटा असतो. फसगत होते ती अंडी घालायला आलेल्या मादीबाबत: तिचाही भाग फुगतो, पण तो गोल न होता शंकूसारखा पुढे येतो.

नराची फुगवटी ग्रंथींमुळे असते. त्यांतला सोडेफ्रिन हा गंध जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये ओळखला. दहा अमिनो आम्लांची ती इवलीशी साखळी. नर शेपूट मुडपून थरथरवतो आणि हा गंध पाण्यातून मादीकडे लोटतो. हे वागणे दिसले की शंका उरत नाही.

मग शेपटी बघा. नराची आखूड, उंच, हंगामात निळसर-जांभळी झाक असलेली. मादीची लांब आणि अरुंद. आकारावर विसंबू नका. मादी साधारण मोठी असते खरी, पण भरपेट खाल्लेला नरही पोटुशा मादीसारखा गोल दिसतो. म्हणून खाऊ घातल्यावर दोन दिवसांनीच पाहा, आणि शक्यतो दोन-तीन न्यूट शेजारी ठेवून तुलना करा.

पाहून झाल्यावर मात्र हात साबणाने स्वच्छ धुवा. यांच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते.

मादी मागच्या पायांनी पाणवनस्पतीचे पान दुमडून त्यात एकेक अंडे चिकटवते. टाकीत नर नसला तरी ती अंडी फेकू नका. मादी शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवते, त्यामुळे ती फळू शकतात. पानासकट वेगळ्या भांड्यात काढा, नाहीतर मोठे न्यूट ती खातात.