कल्पित दरबारातील सोयरीक लिहिताना

माझ्या पहिल्या कादंबरीत राजकन्येचे लग्न चाळीस पानांत लागले होते. मांडव, वाजंत्री, हत्तीवरची वरात असे सर्व काही त्यात होते. हस्तलिखित परत आले तेव्हा समासात संपादकांचा एकच प्रश्न होता, “या लग्नाने कोणाला काय मिळाले?” मला उत्तर देता आले नाही. राजघराण्यांच्या कल्पित कथा लिहू पाहणाऱ्या नव्या लेखकांनी हा प्रश्न पहिल्या पानापूर्वीच स्वतःला विचारावा, असे मला मनापासून वाटते.

उत्तर मला अमळनेरच्या आमच्या घरातील जुन्या पेटीत मिळाले. आजोबांच्या हातची, आत्याच्या लग्नाची याद होती ती. मुलीकडच्यांनी काय द्यायचे, मुलाकडच्यांनी काय द्यायचे, मानाची लुगडी किती, तांब्याची भांडी कोणती, हे सारे लिहून खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या होत्या. वऱ्हाडाच्या बैलगाड्यांचे भाडे कोणाकडे, या एकाच ओळीवर खाडाखोड होती, आणि तेवढ्यावरून त्या बैठकीत आवाज कसे चढले असतील ते मला ऐकू येऊ लागले. तेव्हापासून मी दरबारातील प्रत्येक सोयरिकीची आधी याद करतो. आंदण कोणता किल्ला, कोणत्या घाटाची जकात माफ, युद्धात किती घोडेस्वार धाडायचे आणि गादीवर कोणत्या राणीचा मुलगा बसायचा, हे त्यात असते. यातले शेवटचे कलम जिथे संदिग्ध राहते, तिथूनच पुढचे कथानक फुटते.

सासरी गेलेली राजकन्या माहेरची वकील असते, हे नवे लेखक बहुधा विसरतात. आपल्या खानदेशाच्या इतिहासात याचे ठसठशीत उदाहरण आहे. फारुकी सुलतान नसीर खान याची मुलगी बहमनी घराण्यात अलाउद्दीन अहमदला दिली होती. पुढे त्याची मर्जी संगमेश्वरच्या राजाच्या मुलीवर बसली, तेव्हा या मुलीने आपली उपेक्षा वडिलांना कळवली. नसीर खानाने बहमनींच्या वऱ्हाड प्रांतावर स्वारी केली, पण बहमनी सरदार खलफ हसनने त्याला हरवून बुऱ्हाणपूर जाळले, आणि धुळ्याजवळच्या लळिंगच्या आश्रयाला गेलेला नसीर खान १४३७ मध्ये मरण पावला. लळिंगचा किल्ला महामार्गावरून आजही दिसतो. तिथून जाताना मला ते माहेरी धाडलेले गाऱ्हाणेच आठवते. म्हणून राणीसोबत आलेल्या पाठराखिणीला आणि न्यायला येणाऱ्या मुराळ्याला कथेत नाव द्या, कारण निरोप त्यांच्याच हातून जातात.

वंश राखण्याचा प्रश्न मात्र लग्नाने सुटत नाही, तो भाऊबंदकीत शिरतो. फारुकी घराण्यातील पुरुषांना असीरगडावर कोंडून ठेवण्याची रीत होती, आणि १६०१ मध्ये अकबराने गड घेतला तेव्हाही तिथे राजपुत्र होते. तुमच्या राज्यातील धाकटे भाऊ कुठे राहतात, त्यांच्या दाराशी पहारा कोणाचा असतो आणि बाळंतिणीच्या खोलीत साक्षीला कोण असते, हे ठरल्याशिवाय वारसाचा जन्म लिहू नका. माझ्या सध्याच्या कादंबरीत ही साक्ष एका सुईणीकडे आहे, आणि तिच्या घरी दोन्ही राजवाड्यांतून आलेली साडीचोळी घडी न मोडता ठेवलेली आहे.