घरच्या एकाच कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट ब्लॉकिंग: माझा अनुभव

सोलापुरात घरच्या एकाच कॉम्प्युटरवर वीजबिल, रेल्वे तिकीट, मुलांचा अभ्यास सगळं चालतं. जावास्क्रिप्ट (वेबपानात चालणारे छोटे प्रोग्राम, म्हणजेच स्क्रिप्ट) सरसकट बंद केली की ओटीपीची चौकटच उमटत नाही. ती बहुधा बँकेच्या वेगळ्या डोमेनवरून (वेब-पत्त्यावरून) येते.

म्हणून फायरफॉक्स ब्राउझरमधल्या यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती आणि ट्रॅकर (आपला माग काढणाऱ्या स्क्रिप्ट) अडवणाऱ्या एक्स्टेन्शनच्या सेटिंग्जमध्ये प्रगत वापरकर्त्याचा पर्याय निवडला. पॅनेलमध्ये थर्ड-पार्टी (म्हणजे दुसऱ्या डोमेनवरून येणाऱ्या) स्क्रिप्ट आणि फ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) या ओळी पहिल्या रकान्यात लाल केल्या, म्हणजे अडवल्या. तो नियम सगळ्या साइटना लागतो. अडलेल्या साइटवर त्याच ओळी दुसऱ्या, फक्त त्या साइटच्या रकान्यात राखाडी करून (म्हणजे ही अडवणूक काढून, पण यूब्लॉकच्या नेहमीच्या याद्या चालू ठेवून) कुलूप दाबायचं, नाहीतर नियम टिकत नाही. हिरवा मुळीच नको, त्याने ट्रॅकरही आत शिरतात. आणि हे पैसे भरण्याआधीच करा. मध्येच रिलोड केलं तर व्यवहार अडकू शकतो.

आईबाबांना वेगळं प्रोफाइल दिलं, त्यात यूब्लॉकची मूळचीच सेटिंग.