नववीच्या वर्गात मानसिक आरोग्याची पाहणी: कोल्हापुरातल्या गटांसाठी

कॉलेजचा मानसशास्त्र विभाग, तीन-चार शाळा आणि एक मानसोपचारतज्ज्ञ असा गट जमला की पहिली बैठक हमखास प्रश्नावलीवर जाते. ती नंतर. आधी ठरवा, एखाद्या मुलीनं ‘जगावंसं वाटत नाही’ यावर खूण केली तर त्याच दिवशी तिच्याशी कोण बोलणार? ती व्यक्ती पाहणी चालू असताना शाळेतच हवी. पुढच्या उपचारासाठी सीपीआर या सरकारी रुग्णालयात आधीच बोलून ठेवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर वर्गातल्या सगळ्यांनाच द्या. लैंगिक अत्याचार समोर आला तर पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. म्हणून संमतिपत्रात ‘सगळं गुप्त राहील’ असं सरसकट छापू नका.

परवानगीत गोल फिरावं लागतं. संशोधनाला मंजुरी देणारी नीतिसमिती शाळेचं पत्र मागते, शिक्षणाधिकारी (माध्यमिक) नीतिसमितीचं. मुख्याध्यापकांकडून ‘तत्त्वतः हरकत नाही’ एवढंच पत्र घ्या, ते जोडून नीतिसमिती, मग शिक्षणाधिकारी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बारा ते अठरा वयात पालकांच्या सहीबरोबर मुलाची स्वतःची लेखी संमतीही लागते. दप्तरातून पाठवलेले कागद दप्तरातच राहतात. सह्या पालकसभेत घ्या. दिवाळीनंतर ऊसतोडीचे दिवस, तेव्हा गावाकडच्या शाळेत सभा संध्याकाळीच.

संख्येचा हिशोब: पाहणीला किती मुलं हवीत याच्या साध्या सूत्रानं ३८४ येतात. पण आपण एकेक मूल निवडत नाही, अख्खे वर्ग निवडतो आणि एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. म्हणून दीडपट, ५७६. दहा टक्के गळती धरून ६४०, म्हणजे चाळीसचे सोळा वर्ग.

प्रश्नावली म्हणून एसडीक्यू (मुलांच्या भावना, वागणूक आणि मैत्रीतल्या जमेच्या बाजू व अडचणी मोजणारी) सोयीची: ११ ते १७ वय, २५ विधानं, पाच गट. अधिकृत भाषांतरातला शब्द बदलायचा नाही आणि विनापरवाना गुगल फॉर्मवरही चढवायची नाही. कागदच बरा. खरी गडबड एक्सेलमध्ये होते. ७, ११, १४, २१, २५ ही विधानं उलटी मोजायची असतात. अकरावं विधान चांगला मित्र असल्याचं आहे. ‘अगदी खरं’ म्हणणाऱ्याला शून्य मिळायला हवं. सरळ बेरीज केली की जिवाभावाचा मित्र असलेला पोरगाच एकलकोंडा ठरतो. पाचांपैकी इतरांना मदत करण्याचा गट ‘एकूण अडचणीं’च्या बेरजेत धरत नाहीत. ती बेरीज ० ते ४० मध्येच हवी.

एसडीक्यूत आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न नाही. सोबत पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली घेतली असेल तर त्याच विचारांबद्दलचा नववा प्रश्न शाळेचं फाटक ओलांडण्यापूर्वी प्रत्येक कागदावर बघा. ‘रविवारी निवांत बघू’ इथे चालत नाही.

वर्गशिक्षक बाहेर थांबतील हे आधीच सांगून ठेवा. ते आत असले की सगळी पोरं शहाणी होतात. बाकावर एकच मूल, म्हणजे अर्धा वर्ग एका वेळी. जोडतास मागून घ्या. कागदावर नाव नाही, फक्त कोड. नावांची यादी वेगळ्या कुलपात, एकाच माणसाकडे. मुख्याध्यापक नंतर ‘ती मुलं कोणती?’ असं विचारणारच. शाळेला एकत्रित आकडेच मिळतील, हे करारात पहिल्याच पानावर लिहून त्यांची सही घेतलेली असू द्या.