समुद्रात पोहताना पोटरीत गोळा आला तर

लांब पल्ला पोहणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या पायात कधी ना कधी गोळा येतो. मी सोबतच्या होडीत बसून पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवते. गोळा आल्याचं ओरडून सांगण्याआधीच ते अंगावर दिसतं: एक पाय गप्प होतो, हात घाईघाईने पडू लागतात आणि मान वर येते. मान वर आली की कंबर खाली जाते, माणूस पाण्यात उभा होतो आणि मग खरी दमछाक सुरू होते. म्हणून मान वर काढायची नाही, हे सगळ्यात आधी लक्षात ठेवा.

लाथा थांबवा. छाती भरून श्वास घ्या, पाठीवर वळा, कान पाण्यात जाऊ द्या. हात कमरेपाशी हळू हलवत दोन-तीन श्वास नुसते तरंगा. आता गुडघा छातीकडे घ्या, पायाची बोटं हातात पकडा, नडगीकडे ओढा आणि ती ओढ न सोडता गुडघा सावकाश सरळ करा. बरेच जण गुडघा वाकलेलाच ठेवतात आणि ताण देऊनही उपयोग होत नाही म्हणतात. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो, त्यामुळे गुडघा सरळ झाल्याशिवाय तो पुरता ताणला जात नाही. वीस-तीस सेकंद धरा, हिसका देऊ नका. लाटांमुळे पाठीवर नाकातोंडात पाणी जात असेल, तर श्वास भरून तोंड पाण्यात घाला, पालथं तरंगत पाय पकडा, श्वासापुरतं वर या आणि पुन्हा धरा. हात बोटांपर्यंत पोचत नसेल, तर पंजा स्वतःच्या ताकदीने नडगीकडे वळवून ठेवा. पुढचा स्नायू आवळला की मागचा सैल पडायला मदत होते.

मांडीच्या मागे गोळा आला असेल तर गुडघा सरळ ठेवून पाय पोटाकडे आणा, पुढे आला असेल तर टाच कुल्ल्याकडे ओढा. तळपायाला आला तर अंगठा वर खेचा.

हे सगळं आधी तलावाच्या खोल भागात, कोणी तरी शेजारी असताना करून बघा. इंग्लिश खाडीसारख्या पोहण्यात होडीला आधारासाठी हात लावला की प्रयत्न बाद होतो, म्हणून ही कसरत बिनआधाराचीच जमायला हवी.

गोळा सुटला की लगेच वेग धरू नका. तो स्नायू अजून चिडलेला असतो. थोडा वेळ फक्त हातांवर पोहा, पाय मागे सैल तरंगू द्या, मग हलक्या लाथा सुरू करा. पंजा ताठ टोकदार ठेवून लाथा मारणं हेच पोटरीच्या गोळ्याचं मला सर्वाधिक दिसणारं कारण. आखडलेल्या अवस्थेतला स्नायू तासन्‌तास काम करतो आणि थकला की त्याला आवळ आणि सोड सांगणाऱ्या मज्जातंतूंचा तोल बिघडतो. हे थकव्याचं स्पष्टीकरण १९९७ मध्ये मांडलं गेलं आणि मला ते पटतं. घोटा सैल ठेवायची सवय सरावातच लावा. गार पाण्यात स्नायू आखडतात, तेव्हा सुरुवात जास्तच हळू करा.

मीठ-पाण्याची काळजी घ्या, पण गोळ्याच्या भीतीने नुसतं पाणी ढोसू नका. त्याने रक्तातलं सोडियम घटू शकतं आणि ते गोळ्यापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. ठरलेल्या वेळी थोडं थोडं, साखर आणि क्षार असलेलं पेय घ्या. त्या थांब्यावर पंजे गोल फिरवून घ्या, नुसते पीत बसू नका.

एकच पाय पुन्हा पुन्हा धरत असेल, किंवा दोन्ही पाय एकदम धरले, तर एक हात सरळ वर करा आणि मदत घ्या. होडीतल्यांनी त्याच वेळी साधा प्रश्न विचारावा. उत्तर अडखळत आलं, जीभ जड वाटली किंवा अंग थरथरत असेल, तर थंडी बाधली आहे. अशा वेळी मी वाद घालत नाही, बाहेर काढते.

नंतर एक-दोन दिवस पोटरी दुखणं नेहमीचंच. पण एकाच पोटरीला सूज आली, ती लाल किंवा गरम लागली, तर मालिश करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.