घास छातीत अडकतोय? डॉक्टरांकडे जाण्याआधी काय बघून ठेवायचं

"गिळताना अडकतंय" एवढंच सांगितलं, तर बऱ्याचदा ॲसिडिटीची गोळी घेऊन परत यावं लागतं. म्हणून चार-पाच दिवस नीट लक्ष ठेवा आणि लिहून काढा. आपल्या बेळगाव भागात कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांसमोर गडबड उडत असेल, तर हा कागद जास्तच कामाला येतो.

गिळायला लागताच ठसका बसतो किंवा पाणी नाकातून येतं, तर अडचण घशात आहे. घास उतरल्यावर दोन-चार सेकंदांनी थांबतो, ती अन्ननलिकेची तक्रार. अडथळा पार खाली, पोटाजवळ असला तरी कधीकधी तो गळ्यातच जाणवतो, त्यामुळे जागेवरून निदान करू नका.

खरा प्रश्न आहे, अडकतं काय? भाकरी, मटण अडतं पण ताक, आमटी उतरते, म्हणजे नळी अरुंद झाली आहे. आतली रुंदी 13 मिलिमीटरच्या खाली गेली की घट्ट घास बहुधा अडतोच. वर्षानुवर्षं छातीत जळजळ असेल, तर आंबट पाण्याने झालेले व्रण भरताना नळी आकसलेली असू शकते. घाईत खाल्लेला मटणाचा तुकडाच अडतो, एरवी महिनोन्‌महिने काही नाही, असं असेल तर खालच्या टोकाला पातळ कडं असण्याचा संभव. दमा, ॲलर्जी असलेल्या तरुणांत नळीला ॲलर्जीची सूज येते. दुर्बिणीच्या तपासणीत (एंडोस्कोपीत) काही दिसलं नाही तरी नळीच्या अस्तराचा बारीक तुकडा तपासायला घ्यावाच लागतो. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांत नळीच्या वरच्या भागात पातळ पडदा सापडतो.

पण काही आठवड्यांत भाकरीवरून भातावर, भातावरून पेजेवर आलात आणि वजनही उतरतंय, तर कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत स्वस्थ बसू नका. निपाणी-चिकोडीकडे तंबाखू म्हणजे घरचं पीक; खाण्या-ओढण्याची सवय असेल, दारू असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका.

पहिल्यापासून पाणी आणि भाकरी दोन्ही अडत असतील, तर बिघाड नळीच्या हालचालीत. अकॅलेझिया नावाच्या आजारात नळीची खालची झडप सैल पडत नाही. रात्री न पचलेलं अन्न तोंडात येतं, खोकला लागतो, आणि उपचार दम्याचे होत राहतात. सुरुवातीला दुर्बिणीत सगळं ठीक दिसू शकतं. अशा वेळी बेरियमचा (पांढरं औषध पाजून काढतात तो) एक्स-रे आणि नळीतला दाब मोजणारी मॅनोमेट्री विचारा.

अचानक गिळताना दुखायला लागलं, तर आदल्या रात्रीची गोळी आठवा. डॉक्सिसायक्लिन, पोटॅशियम, हाडांसाठीची अलेंड्रोनेट घोटभर पाण्यासोबत घेऊन आडवं झालं की गोळी नळीतच चिकटून जखम करते. पेलाभर पाणी प्या, अर्धा तास बसून राहा.

घास अडकून थुंकीही गिळता येत नसेल, तर केळं किंवा भाताचा गोळा ढकलू नका. खानापूरच्या आतल्या वाडीवरून निघताना दुर्बिणीची सोय कुठे चालू आहे ते फोनवर विचारा आणि थेट तिथेच जा. वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, रुग्णाला बसवूनच न्या.