पॅरिस ते रोम: ११०० किलोमीटर, पण वेळ किती धरायचा?

ठाण्याहून वाशी किती लांब, असं विचारलं तर कुणी किलोमीटर सांगत नाही, ‘ट्रान्स-हार्बरने अर्धा तास’ म्हणतात. युरोपातल्या विमानतळांचं गणित मात्र आधी अंतर, मग वेळ असं मांडावं.

पहिल्यांदा तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचा. पॅरिसमध्ये शार्ल द गोल म्हणजे सीडीजी, ओर्ली म्हणजे ओआरवाय. बोव्हे, म्हणजे बीव्हीए, नावालाच पॅरिस. शहरापासून जवळजवळ ८० किलोमीटर. रोमचंही तसंच: फ्युमिचिनो एफसीओ, चिआम्पिनो सीआयए. स्वस्त तिकिटाची खरी किंमत बऱ्याचदा इथेच कळते.

आता सीडीजी ते एफसीओ. अक्षांशांत ७.२ अंशांचा फरक. एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे ८००. रेखांशांत ९.७ अंश. इथे बहुतेकांची चूक होते. उत्तरेकडे जाताना रेखांश एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे पंचेचाळीसाव्या अक्षांशाच्या आसपास एक अंश साधारण ७८ किलोमीटरचाच भरतो. म्हणजे ७५७. दोन्हींचे वर्ग करून बेरीज घ्या, वर्गमूळ काढा: ११००. रेखांशालाही १११ ने गुणलंत तर १३४० येतील. एवढ्या अंतराला शाळेतला पायथागोरस पुरतो. लिस्बन-हेलसिंकीसारख्या लांब पल्ल्याला ग्रेट सर्कल कॅल्क्युलेटर, म्हणजे पृथ्वीची गोलाई धरून सर्वांत कमी अंतर काढणारा, वापरा.

वेळेसाठी ताशी ८०० किलोमीटर धरा: ८२ मिनिटं. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण आणि उतरण मिळून ४० मिनिटं घाला. दोन तास झाले. वेळापत्रकातला वेळ गेट ते गेट असतो, त्यामुळे तो याच्या जवळपासच निघतो. वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात, म्हणून पश्चिमेकडे जाताना थोडा जास्त वेळ लागू शकतो.

घड्याळ मात्र फसवतं. पॅरिस आणि रोमची वेळ एकच, पण लंडन एक तास मागे. पॅरिस-लंडन तिकिटावर १०:०० ला सुटून १०:२० ला पोहोच दिसली तर प्रवास वीस मिनिटांचा नाही, १ तास २० मिनिटांचा आहे. उलट येताना तोच २ तास २० मिनिटांचा वाटतो.

घोडबंदर रोडचं ट्रॅफिक धरून सहार विमानतळाला निघतो, तसंच तिकडेही धरा. साडेदहाच्या विमानासाठी मध्य पॅरिसमधलं हॉटेल साडेसातला सोडा. आरईआर बी लोकलसाठी, स्टेशनपर्यंत चालणं धरून, तासभर. मग चेक-इन, बॅग, सेक्युरिटी. रोमला साडेबाराच्या सुमारास गेट, बॅग हाती येईस्तोवर सव्वा वाजतो. पुढे लिओनार्दो एक्सप्रेस गाडीने तेर्मिनी, म्हणजे रोमचं मुख्य स्टेशन, ३२ मिनिटं. गाडीची वाट पाहणं धरून एकूण साडेसहा तास! पॅरिस-फ्रँकफर्टला विमानाचं अंतर ४५० किलोमीटरच, आणि थेट रेल्वे चार तासांत शहराच्या मध्यात सोडते. तिथे विमानाच्या वाटेला जाऊच नये.

मुंबईहून पॅरिसमार्गे रोमला जात असाल तर इमिग्रेशन पॅरिसलाच होतं, कारण शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, पहिलं पाऊल तिथे पडतं. तिकीट एकच असेल तर बॅग सहसा थेट रोमला जाते, तरी मध्ये दोन तासांहून कमी घेऊ नका. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर बॅग बाहेर काढून पुन्हा द्यावी लागते आणि पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं चुकलं तर नवं तिकीट तुमच्याच खिशातून. तेव्हा चार तास सोडा.