वेस्टर्न क्लासिकल ऐकताना सारखा आवाज कमी-जास्त करताय? या चुका टाळा

सिम्फनी सुरू होते तेव्हा काही ऐकूच येत नाही, म्हणून आवाज वाढवायचा, मग ब्रास (ट्रम्पेटसारखी वाद्यं) आणि टिंपनी (मोठे नगारे) एकदम अंगावर आले की घाईघाईत कमी करायचा, हे बऱ्याच जणांचं होतं आणि दोष मात्र रेकॉर्डिंगला दिला जातो. रेकॉर्डिंग बहुतेक वेळा चांगलंच असतं, गडबड सेटिंगमध्ये असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नॉर्मलायझेशन आणि कॉम्प्रेशन एकच समजणं. नॉर्मलायझेशन अख्ख्या ट्रॅकचा आवाज एकाच मापाने वर किंवा खाली नेतं, त्यामुळे हळू आणि जोरात यातलं अंतर तसंच राहतं, कॉम्प्रेशन मात्र ते अंतरच कमी करतं. टीव्हीचा नाइट मोड, विंडोजचं लाउडनेस इक्वलायझेशन हे दुसऱ्या प्रकारातले. क्रेसेंडो (हळूहळू वाढत जाणारा आवाज) चढतच नाही, सगळं सपाट वाटतंय असं झालं तर आधी हे बंद करा. गाडीत किंवा प्रवासात ऐकताना कॉम्प्रेशन वापरलं तर बिघडत नाही, तिथे हळू भाग नाहीतर बुडूनच जातात.

आता दुसरी चूक, आणि ही मला खरंच खटकते. रिप्लेगेन (प्लेअरमधलं नॉर्मलायझेशनचं सेटिंग) ट्रॅक मोडवर ठेवून अख्खं अल्बम ऐकणं. बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी (१८०८) घ्या, तिसरी मूव्हमेंट (सिम्फनीचा एक भाग) अगदी दबक्या आवाजात संपत येते आणि मध्ये न थांबता चौथी पूर्ण ताकदीने उसळते, पण फाइली दोन वेगळ्या. ट्रॅक मोड प्रत्येक फाइलला स्वतंत्र माप लावतो, म्हणजे हळू फाइल वर, जोराची खाली, आणि ज्या जागेसाठी आपण वाट बघत असतो तिथेच जोर निघून जातो, कधी कधी जोडावर आवाजाची पायरी पण ऐकू येते. अल्बम मोड सगळ्या ट्रॅकना एकच माप लावतो, क्लासिकलसाठी तोच ठेवा. ट्रॅक मोड वेगवेगळ्या अल्बममधल्या मिक्स प्लेलिस्टसाठी ठीक आहे.

स्पॉटिफायवर नॉर्मलायझेशन चालू असेल तर लाउड पर्याय नको. तो आवाज उणे ११ लफ्सपर्यंत (LUFS, सरासरी आवाज मोजायचं एकक; शून्याच्या जितकं जवळ तितका मोठा) नेतो, नॉर्मलमध्ये हेच उणे १४ आहे, आणि ऑर्केस्ट्राची शिखरं आधीच वरच्या मर्यादेला टेकलेली असतात त्यामुळे लाउडमध्ये लिमिटर (शिखरं दाबणारं सॉफ्टवेअर) मध्ये पडतो. क्वाएट घ्या किंवा नॉर्मलायझेशन बंदच करा, आणि ॲम्पचा आवाज वाढवा.

आवाज सुरुवातीच्या हळू भागावरून ठरवू नका. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीच्या (१८९३) पहिल्या मूव्हमेंटमध्ये एका जागी चक्क सहा पी (पी म्हणजे पियानो, हळू; जितके जास्त पी तितकं हळू) लिहिलेत आणि लगेच पुढे ऑर्केस्ट्रा फोर्टिसिमोत (खूप जोरात) कोसळतो, तो हळू भाग नीट ऐकू यावा म्हणून आवाज वाढवून बसलात तर कानांचे हाल आहेत. आधी सगळ्यात जोराचा भाग शोधून तो सहन होईल इतका आवाज ठेवा आणि मग पहिल्यापासून ऐका. तरी हळू भाग हरवत असेल तर फॅन, एसी बंद करून बघा किंवा बंद कपाचे हेडफोन घ्या. १६ बिटमध्ये साधारण ९६ डेसिबलची रेंज मावते, त्यामुळे कमी पडते ती खोलीची शांतता, २४ बिट फाइल आणून हा प्रॉब्लेम सुटत नाही.

आणि जोराच्या भागातच आवाज फाटत असेल तर इक्वलायझर बघा. बेस ६ डेसिबल वाढवला असेल तर प्रीॲम्प (इक्वलायझरमधला एकूण आवाजाचा स्लायडर) तेवढाच खाली घ्या, आणि रिप्लेगेनमध्ये क्लिपिंग (मर्यादेबाहेर गेल्याने आवाज फाटणं) टाळायचा पर्याय असतो तो चालू ठेवा.